परदेशात शिकवायला जाताना : आधी कागद, मग राजीनामा

समजा, सातारा किंवा सोलापूरच्या एखाद्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षिकेला दुबईतील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेचे बोलावणे आले आहे. मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली, नमुना पाठ पसंत पडला, पगाराचा आकडाही ठरला. 'एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हा,' असे शाळेचे पत्र सांगते. घरात पेढे वाटले जातात आणि मग कपाटातली फाईल बाहेर निघते. पदवी प्रमाणपत्राला लॅमिनेशन केलेले, त्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर मात्र सासरचे. बी. एड.चे मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून कधी आणलेलेच नाही. तात्पुरत्या प्रमाणपत्रावरच बारा वर्षांची नोकरी झाली. शाळा सुरू व्हायला दहा आठवडे उरले आहेत.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील एकही अडचण कल्पित नाही. आखाती देशांत शिक्षकांना मागणी आहे आणि महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांची वाटही जुनी आहे. दुबईतील 'द इंडियन हायस्कूल' १९६१ पासून सुरू आहे. मात्र परदेशी नोकरी म्हटली की आपले सारे लक्ष मुलाखत, पगार आणि व्हिसा या तीन शब्दांभोवती फिरते. वास्तविक व्हिसा हा या प्रवासातील शेवटचा आणि बहुतांशी शाळेनेच पार पाडावयाचा टप्पा आहे. उमेदवाराची खरी कसोटी त्याआधी, स्वतःच्या गावात, स्वतःच्या विद्यापीठात आणि मुंबईतल्या कार्यालयांत लागते. तेथे गेलेला वेळ पुढे कोणी भरून देऊ शकत नाही.

शिक्क्यांची साखळी

आपल्या विद्यापीठाची पदवी खरी आहे, हे दुसऱ्या देशाने कसे ओळखावे? त्यासाठी साक्षांकनाची, म्हणजेच अॅटेस्टेशनची पद्धत आहे. तिचे तत्त्व साधे आहे. परदेशी दूतावास आपल्या विद्यापीठाच्या कुलसचिवांची सही ओळखत नाही. तो फक्त आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सही ओळखतो. परराष्ट्र मंत्रालय प्रत्येक विद्यापीठाची सही तपासत बसत नाही. ते राज्य शासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही ओळखते. आणि राज्य शासन शिक्का मारण्यापूर्वी विद्यापीठाकडून खातरजमा मागते. म्हणजे प्रत्येक शिक्का केवळ आपल्या आधीच्या शिक्क्याची ग्वाही देतो. मधली एक कडी गाळली तर पुढची कडी जोडली जात नाही.

संयुक्त अरब अमिरातीसाठी हा क्रम असा : प्रथम विद्यापीठाची पडताळणी, नंतर राज्य शासनाचे साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा भारतातील दूतावास आणि शेवटी अमिरातीचे स्वतःचे परराष्ट्र मंत्रालय. राज्याच्या टप्प्याला आजही बोलीभाषेत 'एचआरडी' म्हणतात. केंद्रातील मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० मध्ये शिक्षण मंत्रालय झाले, पण एजंटांच्या पाट्यांवरचा हा शब्द बदललेला नाही.

परराष्ट्र मंत्रालयाचा टप्पा पूर्वी दिल्लीतच पूर्ण करावा लागे. २०१९ पासून हे काम मुंबईसह अन्य शहरांतील कार्यालयांकडेही सोपविण्यात आले. मात्र तेथेही उमेदवाराने खिडकीवर जाऊन कागद द्यावयाचे नसतात. २०१२ पासून कागद स्वीकारण्याचे काम मंत्रालयाने नेमलेल्या खासगी संस्थांकडे आहे. त्यांची नावे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. 'आम्ही मंत्रालयाचे माणूस' असे सांगणाऱ्या कोणालाही मूळ पदवी देण्यापूर्वी ती यादी पाहणे हा साधा शहाणपणा आहे.

कोठे अपॉस्टिल, कोठे दूतावास?

सर्व देशांसाठी ही साखळी एवढी लांब नसते. परदेशी कागदपत्रांच्या मान्यतेविषयी हेग येथे झालेल्या १९६१ च्या कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. या करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालय 'अपॉस्टिल' नावाचे एक प्रमाणपत्र कागदाला जोडते आणि मग त्या देशाच्या दूतावासात जाण्याची गरज उरत नाही. यासाठीचे सरकारी शुल्क प्रत्येक कागदामागे ५० रुपये एवढेच आहे. त्यावर स्वीकार केंद्राचा सेवाआकार पडतो.

ओमान आणि बहारीन या करारात आहेत. सौदी अरेबियासाठी तो ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत यांच्यासाठी मात्र दूतावासाच्या साक्षांकनाचीच वाट धरावी लागते. शेजारी राहणाऱ्या दोघी शिक्षिकांपैकी एक मस्कतला व दुसरी दुबईला निघाली असेल, तर दोघींच्या फायलींचा प्रवास वेगळा होईल. म्हणूनच देश ठरण्यापूर्वी सगळ्याच कागदांवर सगळेच शिक्के मारून घेण्याची घाई करू नये. विद्यापीठ आणि राज्य शासन हे दोन टप्पे आधी उरकून ठेवावेत, पुढचे टप्पे शाळेचे पत्र हाती आल्यावर करावेत. पैसा वाचतो आणि निम्मा वेळ आधीच कापला जातो.

लॅमिनेशनचा शाप

साक्षांकनाचे शिक्के मूळ प्रमाणपत्रावर, बहुधा त्याच्या मागील बाजूस उमटतात. त्यामुळे लॅमिनेशन केलेला कागद या साखळीत निरुपयोगी ठरतो. पदवी जपण्यासाठी हौसेने केलेले लॅमिनेशन काढताना कागद फाटण्याची वा शाई निघून येण्याची भीती असते. अशा वेळी खटपट करण्यापेक्षा विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करणे श्रेयस्कर.

दुसरी उणीव तात्पुरत्या प्रमाणपत्राची. पदवीदान समारंभाचा अर्ज न भरल्याने अनेकांकडे मूळ पदवी नसते. तात्पुरते प्रमाणपत्र आपल्याकडील नोकरीस पुरते. परदेशी शाळा आणि तेथील शिक्षण खाते मूळ पदवीच मागते. पदवी, बी. एड. आणि असल्यास पदव्युत्तर पदवी अशा प्रत्येक प्रमाणपत्राबरोबर सर्व वर्षांच्या गुणपत्रिका हाताशी हव्यात. बी. एड. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्याआधीच्या शिक्षकांची बी. एड. एक वर्षाची आहे. परदेशी अधिकाऱ्यास हा फरक ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे अभ्यासक्रमाचा कालावधी नमूद केलेले महाविद्यालयाचे वा विद्यापीठाचे पत्र जवळ असलेले बरे.

अमिरातीत शिक्षकाच्या नेमणुकीला शाळेबरोबर तेथील शिक्षण प्राधिकरणाचीही संमती लागते. दुबईत हे काम केएचडीए हे प्राधिकरण करते. शिवाय पदवीला अमिरातीच्या शासनाची मान्यता घ्यावी लागते तेव्हा विद्यापीठाकडे थेट पडताळणी होते. दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीबाबत येथे हमखास प्रश्न विचारले जातात. आपली पदवी नियमित की दूरस्थ, हे मुलाखतीतच स्पष्ट सांगावे. ही गोष्ट दडविलेली पुढे उघडकीस आली, तर तोपर्यंत येथील नोकरी सुटलेली असते.

नाव एक, कागद अनेक

मराठी उमेदवाराची, विशेषतः विवाहित शिक्षिकेची सर्वांत मोठी अडचण नावाची असते. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेल्या नावाचा वेगळा. विवाहानंतर आडनाव बदलते आणि मधले वडिलांचे नाव जाऊन पतीचे येते. आपल्याला ही एकच व्यक्ती आहे हे उघड दिसते. परदेशातील संगणकाला मात्र तीनपैकी दोन शब्द वेगळे असलेल्या दोन व्यक्ती दिसतात.

यावर उपाय आहेत, पण ते सावकाश होणारे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद प्रसिद्ध करून घेणे हा सर्वांत भक्कम उपाय. त्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्राची जोड हवी. लग्नपत्रिका, भटजींचा दाखला किंवा कार्यालयाची पावती येथे चालत नाही. नोंदणी निबंधकाचेच प्रमाणपत्र लागते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पूरक म्हणून उपयोगी पडते, परंतु केवळ त्यावर विसंबू नये.

येथे एक गोष्ट तरुण शिक्षिकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. विवाहानंतर पासपोर्टवरील नाव बदलणे सक्तीचे नाही. पदव्या माहेरच्या नावाने असतील आणि परदेशी नोकरीचा विचार असेल, तर पासपोर्ट त्याच नावाने राहू देणे कायदेशीर आहे आणि सोयीचेही. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा आहे त्यांनी मात्र तो आधी भरून घ्यावा. एकच शब्द असलेल्या नावावर भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश न देण्याचे धोरण अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा अनेक प्रवाशांची तारांबळ उडाली होती.

व्हिसा म्हणजे नेमके काय?

कागदांची साखळी पूर्ण होत आली की शाळेचे काम सुरू होते. शाळा प्रथम तेथील श्रम मंत्रालयाकडून कामाचा परवाना मिळविते. त्यासाठी उमेदवाराने अधिकृत नेमणूकपत्रावर सही करावयाची असते. त्यानंतर नोकरीचा प्रवेश परवाना येतो. आपण ज्याला 'व्हिसा आला' म्हणतो तो हाच. निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत या परवान्यावर देशात प्रवेश करावा लागतो. तेथे पोहोचल्यावर रक्ततपासणी व छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, ओळखपत्र आणि निवास परवाना असे टप्पे होतात. निवास व्हिसाचे स्टिकर पासपोर्टवर चिकटविणे २०२२ मध्ये बंद झाले. आता 'एमिरेट्स आयडी' हे ओळखपत्रच निवासाचा पुरावा मानले जाते.

वैद्यकीय तपासणीत प्रामुख्याने एचआयव्ही आणि क्षयरोग पाहिला जातो. पूर्वी कधी क्षयरोग होऊन बरा झाला असेल, तर फुफ्फुसावरील जुना डागही एक्स-रेत दिसतो आणि पुढील तपासण्या मागे लागतात. म्हणून निघण्यापूर्वी येथेच एक एक्स-रे काढून डॉक्टरांचे मत घ्यावे. कतारची व्यवस्था याहून वेगळी आहे. तेथे जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी व बोटांचे ठसे भारतातच, मुंबईसह काही शहरांतील कतार व्हिसा केंद्रांत घेतले जातात.

शिक्षकांकडे पोलिसांचा चारित्र्य दाखलाही मागितला जातो. तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. शुल्क ५०० रुपये. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्रांतही त्यासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे जिल्ह्याच्या गावाहून मुंबई-पुण्याची फेरी वाचते. हा दाखला मात्र फार आधी काढून ठेवू नये. शिळा दाखला शाळा स्वीकारत नाहीत.

भेटीच्या व्हिसाचा मोह

'आधी भेटीच्या व्हिसावर या, वर्ग सांभाळा, कागद मागाहून करू,' असे सांगणारेही भेटतात. हा प्रस्ताव कितीही आपुलकीने आला तरी तो नाकारावा. भेटीच्या व्हिसावर काम करणे अमिरातीत बेकायदा आहे. परवान्याविना कोणाला कामावर ठेवणाऱ्या मालकासाठीचा दंड २०२४ च्या दुरुस्तीने एक लाख ते दहा लाख दिरहम एवढा करण्यात आला. दंड मालकाला होईल हे खरे. परंतु अशा नोकरीत पगार थकला, तर शिक्षकाजवळ दाद मागण्यासाठी करारच नसतो. मुलाखतीसाठी भेटीच्या व्हिसावर जाणे निराळे आणि फळ्यापुढे उभे राहणे निराळे.

राजीनामा केव्हा द्यावा?

या साऱ्या खटाटोपातील सर्वांत नाजूक प्रश्न हाच आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व त्याखालील नियम लागू आहेत. त्यानुसार कायम शिक्षकाने नोकरी सोडताना तीन महिन्यांची, तर इतरांनी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. सूचनेऐवजी तेवढ्या काळाचे वेतन भरून आधी मुक्त होण्याची वाट आहे, पण ती व्यवस्थापनाच्या संमतीची बाब आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी, अशी पद्धतही याच कायद्यात आहे. जिल्हा परिषद व शासकीय शाळांतील शिक्षकांचे सेवानियम वेगळे आहेत. त्यांनी नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीविना पाऊल उचलू नये.

आता हिशेब मांडून पाहावा. एकीकडे तीन महिन्यांची पूर्वसूचना, दुसरीकडे ६० दिवसांचा प्रवेश परवाना. परवाना आल्यावर राजीनामा दिला, तर मुदत संपल्यावरच सुटका होते. परवान्याआधी राजीनामा दिला आणि पदवीच्या पडताळणीत खोट निघाली, तर हातची कायम नोकरी गेलेली आणि परदेशातली आलेली नाही, अशी त्रिशंकू अवस्था होते. अनुदानित शाळेतील कायम पद एकदा सोडले की पुन्हा मिळणे किती दुरापास्त आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको.

यातून मार्ग एकच. कागदांची साखळी नोकरी शोधण्यापूर्वीच जितकी पुढे नेता येईल तितकी न्यावी. मुलाखतीतच आपल्या पूर्वसूचनेचा काळ सांगून रुजू होण्याची तारीख त्यानुसार मागावी. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तेथे एप्रिलमध्ये, तर ब्रिटिश व अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेरीस सुरू होतात. एप्रिल हुकला म्हणजे सारे संपले असे नव्हे. निदान नेमणूकपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन पदव्यांचे साक्षांकन पूर्ण होईपर्यंत राजीनाम्याचा कागद टेबलाच्या खणातच असावा.

पैसे कोणी द्यावयाचे?

अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या श्रम कायद्यानुसार भरतीचा व नेमणुकीचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. तो कर्मचाऱ्याकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वसूल करता येत नाही. कर्मचाऱ्याचा पासपोर्ट अडवून ठेवण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे. म्हणजे 'व्हिसाचे दोन लाख' मागणारा मध्यस्थ कोणत्या आधारे मागतो, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक उमेदवाराला आहे.

भारतातही परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला केंद्र शासनाकडे नोंदणी करावी लागते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा घातलेली आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. पैसे दिल्यास पावती घ्यावी, रोखीने देऊ नये. शंका आल्यास मुंबईतील 'प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स' या कार्यालयाकडे तक्रार करता येते. परदेशात अडचण उद्भवल्यास परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ पासून उपलब्ध आहे.

सही करण्यापूर्वी

करारातील एकूण आकड्यावर भुलू नये. मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हे वेगळे पाहावे. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजली जाते. एक वर्ष पूर्ण केल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन असा तिचा हिशेब आहे. परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. राहण्याची सोय, वर्षाचे विमानभाडे, उन्हाळी सुटीतील पगार आणि मुलांच्या शाळेच्या शुल्कातील सवलत या चार गोष्टी तोंडी न ठेवता कागदावर आणाव्यात. भारतात सही केलेले पत्र आणि तेथे श्रम मंत्रालयात नोंदलेला करार यांतील शब्द एकच आहेत ना, हे ताडून पाहावे.

कुटुंब मागाहून नेण्याचा बेत असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले यांचीही हीच साखळी करावी लागते. या कागदांचा राज्याचा टप्पा शैक्षणिक कागदांहून वेगळ्या खात्याकडे असतो. दोन्ही फायली बरोबरच मार्गी लावल्यास तेथून सुटी काढून परत येण्याची वेळ येत नाही.

शेवटी एक घरगुती सूचना. प्रत्येक कागद साखळीत घालण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची स्कॅन प्रत काढून ती ई-मेलवर आणि घरातील एका विश्वासू माणसाकडे ठेवावी. कोणता कागद कोणत्या तारखेला कोणाच्या हाती दिला, याची नोंद एका वहीत करावी. आपल्या वर्गातील मुलांना वही नीट ठेवायला शिकविण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांना हे अवघड जाऊ नये. परदेशातील वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीचा हा पहिला गृहपाठ आहे, आणि तो राजीनामा देण्यापूर्वीच तपासून झालेला असावा.